रुमालाखालचा ठराव

माझ्या उजव्या हाताची बोटे आता वाताने वाकडी झाली आहेत. बशी धरली की थरथरतात, आणि नातसुना हळूच ती बशी काढून घेतात. त्या पोरींना काय ठाऊक, याच बोटांवर एके काळी अमरावतीचा अर्धा बाजार चालत असे! थोडे फुगवून सांगतो आहे, हे कबूल. अर्धा नसेल, पाव तरी असेल. दलालाने सांगितलेल्या भावातून थोडे वजा करूनच माल घ्यायचा असतो.

मी कापसाचा दलाल. मिसरूड फुटायच्या सुमारास धंद्यात आलो आणि बोटे धड वळेनात तेव्हा सुटलो. मधल्या साऱ्या वर्षांचा पाढा वाचायला बसलो तर वाचणारा फराळाच्या ताटावरच पेंगेल. म्हणून एकच गोष्ट सांगतो, आमच्या गाठ कंपनीची. ही गोष्ट मी आजवर पुरी कोणालाच सांगितलेली नाही. बायको अपुरीच ऐकून गेली, त्याचे मला वाईट वाटते.

आधी आमचा धंदा कसा चाले ते सांगायला हवे, कारण हल्लीच्या मुलांना ओरडून बोली बोलायची सवय. आमच्या वेळी बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. गाडीपाशी विकणारा उभा, समोर घेणारा, मध्ये मी. मी डोक्याचा रुमाल सोडायचा, एकाचा हात हातात घ्यायचा आणि वरून रुमाल टाकायचा. आत बोटे बोलत. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. गोष्ट दहाची चालली आहे की शंभराची, हे माल पाहूनच समजायचे. मग तोच हात दुसऱ्याच्या हातात. तोंडाने आम्ही मात्र पाऊसपाणी, सोयरिकी, बैलाचे दात असे काहीबाही बोलत असू. भोवती गर्दी लोटली तरी भाव तिघांच्या बाहेर जात नसे.

या धंद्याचे दोन नियम. पहिला सगळ्यांसाठी: उघड्यावर बोट दाखवायचे नाही. दाखवील तो एक तर अडाणी, नाही तर गरजू, आणि बाजार दोघांनाही सोडत नाही. दुसरा नियम फक्त दलालासाठी: रुमालाखाली कोणी काय धरले, ते त्या माणसाचा हात चितेवर जाईपर्यंत बोलायचे नाही. माझ्या वडिलांनी मला रुमाल दिला तेव्हा एवढेच सांगितले होते, "गनपत, पोट फुटलं तरी चालन, गोठ फुटली नाई पाह्यजे."

रुमालाचे गोडवे गातो आहे म्हणून तो अगदी सोवळा होता असे समजू नका. गरिबाची अडचण त्याने झाकली तशी दलालांची लबाडीही झाकली. घेणाऱ्याने चार बोटे धरायची आणि दलालाने विकणाऱ्याला तीनच पोचवायची, असे प्रकार अकोल्याच्या बाजारात मी डोळ्यांदेखत पाहिले आहेत. अशा दलालांची पुढे काय गत झाली म्हणाल तर काही नाही, त्यांनी माड्या बांधल्या.

तर तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून विलायतेला एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली. अमेरिका पूर्वेला की पश्चिमेला हे आमच्यात कोणाला ठाऊक नव्हते, पण ती लढाई चालू राहावी म्हणून नांदगावच्या खंडेश्वराला अभिषेक झाल्याचे मी ऐकले आहे. कापसाला असा भाव आला की लोक त्यावर विश्वास ठेवायलाही घाबरत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याने जन्मात जोडा घातला नाही तो अमरावतीहून जोडा घेऊन जाई आणि डोक्यावरच्या गाठोड्यात बांधून अनवाणी घरी जाई.

अशा दिवसांत केशवशेठ मुंबईला जाऊन आले आणि कंपनीचे वेड घेऊन आले. केशवशेठ म्हणजे अमरावतीची मोठी अडत, मोठे पोट, मोठा आवाज. दारी वासुदेव आला तर आधी त्याला जेवू घालणार आणि मग गाणे म्हणायला सांगणार. जेवल्यावर त्या बिचाऱ्याला गाता येत नसे, तो भाग वेगळा. त्यांची कल्पना साधी होती आणि चांगली होती. कापूस सैल भरून पाठवला की गाडीत जागा फार खातो, वाटेत भिजतो, चोरांच्या हाताला सहज लागतो. तोच दाबून गाठी बांधल्या तर कमी गाड्यांत जास्त माल जाईल. एकट्याने यंत्र घ्यायचे तर आवाक्याबाहेर, पण गावोगावच्या लोकांनी मिळून एकेक भाग घेतला तर जमेल. आधी हाताने फिरवायचा लाकडी दाब, पुढे विलायतेहून वाफेचे यंत्र.

भाग विकले गेले ते रोडग्यांवर. गावाबाहेरच्या आमराईत शेठजींनी गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, तुपाची धार सोडली, आणि जेवण झाल्यावर उभे राहून कंपनी समजावून सांगितली. खाल्ल्या रोडग्याला जागून लोकांनी भाग घेतले. आमच्याकडे पंगतीत बसून नाही म्हणणे फार जड जाते.

कंपनीचे काम नियमाने चालावे म्हणून शेठजींनी पुण्याहून चिटणीस आणला. हे वामनराव. अंगाने काडी, डोक्याला लाल पगडी, आणि बोलणे असे शुद्ध की ऐकणाऱ्याने आपले कपडे झटकावेत. पहिल्याच दिवशी कोणीतरी मायेने विचारले, "तुमी काहून आले इथं?" वामनरावांनी सामान उचलून परत निघायची तयारी केली. आमच्याकडे आलेल्याची चौकशी अशीच करतात हे समजावता समजावता मला घाम फुटला. पण माणूस सोन्यासारखा. कंपनीचा पैसा हा शेठजींचा नाही, संचालकांचा नाही, ज्यांनी दिला त्यांचा आहे, हे तो माणूस रोज कोणाला ना कोणाला सांगे. बैलांनाही सांगत असेल.

मला कंपनीने ठेवले ते माल पारखायला आणि सौदे करायला. त्यामुळे भागीदारांची वर्दळ माझ्याच ओट्यावर. त्यांत सगळ्यांत वेगळी गिरजाबाई. भातकुलीकडची माळीण, ऐन तरुणपणी नवरा गेलेली. वांगी, मेथी, झेंडू पिकवायची आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन यायची. साठवलेले होते नव्हते ते घालून तिने एक भाग घेतला होता. कापसाचे एक बोंडही तिच्या शेतात नव्हते. तिला भाग म्हणजे काय ते कळले होते, पण दाखवल्याशिवाय पटत नव्हते. टोपली रिकामी झाली की ती सरळ कारखान्यात यायची.

"भाऊ, माहा वाटा कोनता ते दाखवा."

मी लाकडी दाबाकडे बोट करायचो. "हे सगळ्यांचं आहे बाई. त्यातच तुमचा."

"सगळ्यांचं म्हंजे कोनाचंच नाई. बांधालेही एक दगड असते, मंग समजते कोनतं आपलं."

शेवटी केशवशेठनीच उठून तिला दाबाचा एक दांडा दाखवला आणि म्हणाले, "हा तुह्या वाट्याचा. आता रोज पुसून जात जा." ती खरेच बाजाराच्या दिवशी पदराने दांडा पुसून जाऊ लागली. शेठजी गादीवरून ओरडत, "मालकीनबाई आल्या, जागा द्या!" आणि ती जाताना त्यांच्यापुढे दोन वांगी ठेवी. तुमचा पगार, म्हणे.

वर्षभराने भागीदारांची पहिली सभा भरली. तीही आमराईत आणि तीही रोडग्यांवर, त्यामुळे माणूस झाडून सारा आला. वामनरावांनी हिशेब वाचले. लोकांनी कथा ऐकावी तसे हात जोडून ऐकले. मग एक ठराव आला: शेठजी कंपनीसाठी धावपळ करतात, तेव्हा हंगामात त्यांच्या अडतीचा कापूस आधी दाबला जावा. वामनरावांना हे रुचले नव्हते. पण सभेपुढे ठेवणे त्यांचे काम. त्यांनी विचारले, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर आला नाही. उलट होते ते हात धोतराच्या सोग्यात गेले.

"ज्यांना मान्य नाही त्यांनी हात वर करावेत."

तेही नाही. वामनराव गोंधळले. त्यांनी कंपनीचे नियम चाळले, सभेकडे पाहिले आणि लिहिले: विरुद्ध कोणी नाही, सबब ठराव मंजूर. मग सगळे जेवायला बसले.

याचे फळ हंगामात दिसले. कारखान्याबाहेर भागीदारांच्या गाड्यांची रांग, बैल उभ्या उभ्या रवंथ करताहेत, आणि आत गाठी बांधल्या जाताहेत त्या शेठजींच्या मालाच्या. अकोटचे गुलाब पाटील, आमचे मोठे भागीदार, इतक्या लांबून गाड्या घेऊन आले होते. रांगेत राहून राहून त्यांचा वैरणीचा भारा संपला तेव्हा ते हातात चाबूक घेऊनच वामनरावांपुढे उभे राहिले.

"आमचा कारखाना अन् आमीच बाहीर? हे कोनं ठरवलं?"

"आपणच, पाटील. सभेत. विरुद्ध एकानेही हात वर केला नाही."

"हात वर करन कोन? आमी काय शाळेतले पोट्टे हाओत? भर लोकांत, शेठजीच्या तोंडापुढं हात उघडा करून दाखवाचा? उद्या मले उसना पैसा कोन देईन? त्याच्या पंगतीत बसाचं अन् त्यालेच हात दाखवाचा?"

पाटील गेल्यावर वामनरावांनी वही मिटली. मग मला म्हणाले, "गणपतराव, मला पुण्यात शिकवले की हात वर करणे म्हणजे मत. इथे तो निर्लज्जपणा आहे, हे मला एकाने तरी सांगायचे. मग तुम्ही लोक हो-नाही कळवता तरी कसे?"

मी डोक्याचा रुमाल सोडला, त्यांचा हात घेतला आणि झाकून सगळे समजावले. त्यांनी सौद्यातले हे गुपित आजवर फक्त लांबून पाहिले होते. रुमालाखाली माझे बोट धरून ते बसले ते सोडीचनात. त्यांच्या डोक्यात काय शिजत होते ते मला पुढे कळले. त्या वर्षी त्यांनी एवढेच केले, की शेठजींना गाठून रांग सगळ्यांना सारखी करून घेतली. शेठजी रागावले नाहीत. म्हणाले, "मले वाटलं सगळे खुश हायेत. कोनी बोललंच नाई."

खरा प्रसंग आला तो पुढच्या थंडीत. विलायतेचे यंत्र ठरले होते, त्याचे पैसे भागीदारांनी पुन्हा भरले होते. यंत्र मुंबईच्या बंदराला लागले की ती रक्कम चुकती करायची आणि ते बैलगाड्यांनी आणायचे, कारण आगगाडी अजून आमच्यापर्यंत आली नव्हती. अशात शेठजींकडे मुंबईचा पाहुणा आला. शेठजी मुंबईत त्याच्याच घरी उतरत. अंगात मखमलीचा कोट, बोलणे मधाळ. तिकडे समुद्र बुजवून जमीन करायची एक कंपनी निघाली होती. तिचे भाग आज घ्यावेत आणि महिन्याने दुपटीने विकावेत, असा सगळा मामला. यंत्राला अवकाश आहे, तोवर हे पैसे मुंबईत खेळवा, यंत्राऐवजी दोन यंत्रे येतील, असे त्याने शेठजींना सांगितले. आणि शेठजींनी त्याच्या मांडीला मांडी लावून जेवताना, चार व्यापाऱ्यांदेखत, शब्द देऊन टाकला.

वामनराव म्हणाले, "शब्द आपला आहे, पैसा आपला नाही. सभेला विचारावे लागेल."

"विचारा की! सभा कधी नाई म्हनते का?" शेठजी हसून म्हणाले, पण मला ते हसणे नेहमीसारखे वाटले नाही.

सभेची हाक गेली तशी बाजारात कुजबुज सुरू झाली. भागीदार माझ्या ओट्यावर येऊन पुटपुटत, "समुद्र कोनी बुजवते का, गनपतभाऊ?" मी म्हणायचो, सभेत बोला. ते म्हणायचे, "सभेत कसं बोलाव? शेठजीचा शब्द गेला न." शेठजींचे मन मोडायचे नाही, आणि यंत्र तर हवे, असे सगळे दोन्हीकडून अडकले होते. कोणी बोलणार नाही, हात तर वर करणारच नाही, आणि मौनाने पुन्हा ठराव मंजूर होणार, हे वामनरावांना आणि मला स्वच्छ दिसत होते.

सभेच्या सकाळी वामनराव माझ्याकडे आले. पगडी वाकडी झालेली. म्हणाले, "गणपतराव, तुमचा रुमाल धुतलेला आहे ना?"

आमराई भरली होती. एका बाजूला रोडग्यांचा आर पेटला होता. पाहुण्याने समुद्राची गोष्ट रंगवून सांगितली. शेठजी उभे राहिले आणि म्हणाले, "मी शब्द देल्ला आहे. बाकी तुमी पाहा." आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण शब्द कधी नव्हे इतके थोडे होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने गिरजाबाई उठली. ती एकटीच भागीदार बाई, आणि सभेत तोंड उघडायची तिची पहिलीच वेळ. तिने शेठजींना विचारले, "शेठजी, माहा वाटा मुंबईले गेला तं मले तो पाहाले कोन नेईन?"

लोक हसले. पाहुणाही हसला. शेठजी हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि खाली बसले.

मग वामनराव पुढे आले. कंपनीच्या नियमांत हात मोजावेत, माणशी एक, असे लिहिले आहे. पण हात उघडेच असावेत असे कुठे लिहिलेले नाही, असे त्यांनी जाहीर केले. गणपत दलाल प्रत्येकाकडे येईल आणि रुमालाखाली हात घेईल. मान्य असेल त्याने एक बोट धरावे, नसेल त्याने दोन. गणपतच्या थैलीत सरकी आणि तूर आहे. होला सरकी, नाहीला तूर, मुठीतून झाकल्या मडक्यात टाकील. शेवटी मडके सगळ्यांदेखत उपडे करू.

पाहुणा ताडकन उठला. "हा काय पोरखेळ? आणि या दलालाने भलताच दाणा टाकला तर?"

अकोटचे गुलाब पाटील बसल्या जागेवरून म्हणाले, "याच्या बोटावर आमी वावरं इकली अन् घेतली. तुमी एक दाना काय घेऊन बसले?" मला तेव्हा जे वाटले ते लिहिता येत नाही. डोळे पुसायला रुमालच हातात होता, एवढे बरे.

मी ओळीने निघालो. जन्मात अनेक सौदे केले, पण असा केला नाही. माणूस तोंडाने म्हणे, "औंदा थंडी लय पडली," आणि रुमालाखाली दोन बोटे अशी आवळी की हाड दुखावे. कोणी एक बोट धरी, सोडी, पुन्हा धरी. लव असलेली सरकी आणि गुळगुळीत तूर थैलीत बोटांना न पाहता कळते. मी मुठीतून मडक्यात टाकत गेलो.

गिरजाबाईपुढे आलो आणि थबकलो. परक्या पुरुषाने भर सभेत बाईचा हात कसा धरावा? वामनरावांनाही हे सुचलेले नव्हते. पाहुणा म्हणाला, "बाईचे राहू द्या." गिरजाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ म्हून धरा. भाऊबीजेले ओवाळीन, मंग झालं का समाधान?" आणि तिने स्वतःच माझा रुमाल ओढून हातावर घेतला. तिने कोणती बोटे धरली ते मी सांगणार नाही, ती अजून हयात आहे. पण तुम्हाला काही कळायचे राहिले असेल असे वाटत नाही.

सगळ्यांत शेवटी केशवशेठ. नियमाने तेही भागीदारच. मी त्यांच्यापुढे बसलो, रुमाल टाकला. त्यांच्या अंगठ्या माझ्या बोटांना लागल्या. ते आर पेटला होता तिकडे मान वळवून मोठ्याने म्हणाले, "गनपत, रोडगे करपून राहिले का रे?" सगळी आमराई हसली. एवढ्या ताणात या माणसाला जेवण सुचते, म्हणून मीही हसलो.

मडके उपडे केले. तुरीच्या ढिगाशेजारी सरकी चिमूटभर होती. लोक ढिगाकडे पाहत राहिले. आपल्यासारखेच सगळ्यांना वाटत होते हे त्यांना तेव्हाच कळले.

पाहुणा शेठजींच्या कानाशी लागला. पण आवाज काही कमी नव्हता, आम्ही सगळे ऐकत होतो. हात मोजून ठराव पडला तर भाग मोजायची मागणी करता येते, नियमच आहे, आणि शेठजींचे नि त्यांच्या घरातले भाग मिळून पारडे सहज फिरले असते. वामनरावांनी पांढऱ्या चेहऱ्याने कबूल केले, "होय. आपण मागितलेत तर मला भाग मोजावे लागतील."

शेठजींनी उपरणे झटकले. "हात मोजले न? झालं मंग. चाला, पानं मांडा."

पाहुणा न जेवता गेला. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही, पण शेठजींनी तो गिळला. पंगतीत वाढताना त्यांनी गिरजाबाईच्या पानावर तुपाची धार सोडली ती तिने हाताने अडवेपर्यंत.

पुढचे तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई थांबली. कापूस कोसळला, त्याच्या मागोमाग मुंबईच्या कंपन्या कोसळल्या. समुद्र बुजवणाऱ्या कंपनीत माणसेच बुडाली. अमरावतीच्या बाजारातही काही दुकाने उघडली नाहीत ती कायमची. आमचे पैसे जागच्या जागी होते. यंत्र आले, गाडीच्या मागे गाडी, धुळीने माखलेले. भाव पडल्यामुळे त्याने कोणाला श्रीमंत केले नाही, पण पोटाला दिले आणि अजून देते आहे. पहिल्या दिवशी गिरजाबाईने त्याच्या मोठ्या चाकाला हळद लावली आणि शेठजींना विचारले, "आता याच्यातला माहा कोनता?" शेठजी म्हणाले, "चाकच घे, बाई."

वामनराव पुण्याला परत गेलेच नाहीत. कंपन्यांचा नवा कायदा आला तेव्हा त्यांनी तो आमच्या ओट्यावर पोथीसारखा वाचून दाखवला आणि मध्ये मध्ये स्वतःच "वा!" म्हटले. शेवटी शेवटी तेही "काहून" म्हणू लागले होते. आमच्या सभेत मात्र कायदा काही म्हणो, रुमाल चालू राहिला.

मला खंत आहे ती एकच. त्या सभेनंतर लोक केशवशेठना आयुष्यभर चिडवत राहिले. पोरेसोरेसुद्धा. "शेठजी, आमी होतो म्हून वाचले तुमी! नाई तं समुद्रात गेले असते." शेठजी पोट हलवून हसत आणि म्हणत, "हाव रे बाप्पा, तुमीच वाचवलं." मी समोर बसलेला असे. ते माझ्याकडे बघत नसत, मी त्यांच्याकडे बघत नसे. कितीदा शब्द ओठांवर आले. पण वडिलांचा नियम होता.

केशवशेठ गेल्या चैत्रात गेले. चांगले पिकून, नातवंडा-पतवंडांत. मी काठी टेकत स्मशानापर्यंत गेलो आणि त्यांचा हात लाकडांखाली दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो. आता नियम सुटला.

त्या सभेपासून एकही भाऊबीज मी चुकवली नाही. यंदाही भातकुलीला जाईन, तुमच्या हातातला हाच दिवाळी अंक घेऊन. गिरजाबाईला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवीन. तेव्हा वाचकहो, इथून पुढचे तिच्यासाठी आहे.

गिरजे, ऐक. भर सभेत तू शेठजींना विचारलेस, तुझा वाटा पाहायला तुला मुंबईला कोण नेईल. शेठजींनी त्याचे उत्तर दिले नाही, असे तू दर भाऊबीजेला मला ऐकवतेस. दिले होते, बाई. तोंडाने ते रोडगे करपल्याचे विचारत होते, तुम्ही सगळे हसत होतात, आणि रुमालाखाली घामाने ओल्या झालेल्या हाताने त्यांनी माझी दोन बोटे धरली होती.